सिगारच्या पेटीतील बेसबॉलची फाटकी तिकिटे: ओळख, किंमत आणि जतन

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या एका वाचकांनी जुन्या घरातील सामानाच्या विक्रीत सिगारची एक लाकडी पेटी घेतली. तीत बेसबॉलच्या तिकिटांचे सदतीस अर्धे तुकडे निघाले. बहुतेक तुकडे ब्रुकलिनच्या एबेट्स फील्डचे आणि न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियमचे आहेत. एक १९५६ च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे हंगामाअखेरच्या अजिंक्यपदाच्या मालिकेचा, यँकी स्टेडियमवरचा असून त्यावरील सामन्याचा क्रमांक वरून फाटलेला आहे. काही तुकडे वहीच्या पानांवर डकवलेले आहेत आणि पाच-सहा १९९० नंतरचे, संगणकावर छापलेले आहेत. हे सारे मौल्यवान आहे का, लॅमिनेट करून घ्यावे का आणि प्रतवारीसाठी, म्हणजे सत्यता व दर्जा ठरवणाऱ्या संस्थेकडे, पाठवावे का, अशी त्यांची विचारणा आहे. क्रिकेटवर वाढल्यामुळे बेसबॉलमधले फारसे कळत नाही, असेही त्यांनी प्रांजळपणे लिहिले आहे.

लॅमिनेशनचा विचार आजच सोडून द्यावा. उष्णतेने मऊ झालेला डिंक कागदाच्या तंतूंत शिरतो आणि नंतर तो सुखरूप काढून देणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही. उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे प्रत्येक तुकडा कोणत्या सामन्याचा आहे यावर अवलंबून आहेत, आणि गेली बावीस वर्षे हे तुकडे गोळा करताना व तपासताना मी पाहते की, नवखा संग्राहक नेमका या टप्प्यावरच घाई करतो. कागद किती जुना आणि किती स्वच्छ आहे हे तो आधी पाहतो. वास्तविक १९३८ च्या एखाद्या सामान्य मंगळवारचा कोरा करकरीत तुकडा थोडक्या डॉलरांत मिळतो आणि घडी पडलेला, कोपरा गेलेला दुसरा तुकडा एखाद्या घराच्या किमतीला विकला जातो.

मराठीत 'अर्धे तिकीट' म्हटले की एसटीतील लहान मुलाचे तिकीट डोळ्यांपुढे येते, म्हणून पुढे मी 'स्टब' हाच रूढ शब्द वापरते. दारावरचा माणूस तिकिटाचा एक भाग फाडून स्वतःकडे ठेवी आणि उरलेला भाग प्रेक्षकाच्या हाती देई, तोच स्टब. त्यावर रांग आणि आसन यांचे क्रमांक असत आणि बहुधा 'रेन चेक' असे शब्द ठळकपणे छापलेले असत. सामना नियमानुसार ग्राह्य ठरण्याइतका, म्हणजे सर्वसाधारणपणे पाच डावांपर्यंत, जाण्यापूर्वीच पावसाने बंद पडला, तर तो तुकडा दाखवून दुसऱ्या सामन्याला जाता येई. थोडक्यात, स्टब खिशात ठेवण्यामागे आठवण जपण्याचा हेतू क्वचितच असे. पाऊस आलाच तर पैसे वाया जाऊ नयेत, एवढाच हिशेब असे, आणि सामना पुरा झाला की तो हिशेबही संपे. मग बहुतेक स्टब आसनाखालीच पडत किंवा कोटाच्या खिशातून धुलाईला जात.

दुर्मिळतेचे मूळ इथे आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी एबेट्स फील्डवर कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्स या संघातर्फे पहिल्यांदा उतरले आणि आधुनिक मेजर लीगमधील, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील, वर्णभेदाची भिंत पडली. त्या दिवशी सुमारे सव्वीस हजार प्रेक्षक होते, म्हणजे मैदान पूर्ण भरलेलेही नव्हते. त्या सामन्याच्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच स्टबची आज नोंद आहे, आणि त्यांपैकी एक फेब्रुवारी २०२२ मध्ये लिलावात ४,८०,००० डॉलरला गेला. १ ऑक्टोबर १९६१ रोजी रॉजर मॅरिस यांनी त्या हंगामातला एकसष्टावा होम रन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथ यांचा विक्रम मोडला, तेव्हा अवाढव्य यँकी स्टेडियममध्ये केवळ २३,१५४ लोक होते. ३ ऑक्टोबर १९५१ च्या बॉबी थॉमसन यांच्या, न्यूयॉर्क जायंट्सला लीगचे विजेतेपद मिळवून देणाऱ्या, फटक्याची आठवण अमेरिकेत आजही काढली जाते, पण त्या दिवशी त्यांच्या पोलो ग्राउंड्स या मैदानावरची हजारो आसने रिकामी होती.

याच्या उलट ६ सप्टेंबर १९९५ रोजी बाल्टिमोरमध्ये कॅल रिपकन आपला सलग २,१३१ वा सामना खेळून लू गेरिग यांचा विक्रम मोडणार, हे कित्येक आठवडे आधी ठाऊक होते. शेहेचाळीस हजार प्रेक्षकांपैकी बहुतेकांनी आपापला स्टब जपून घरी नेला, म्हणून तो आजही सहज मिळतो. प्रश्नकर्ते क्रिकेटवर वाढले असल्याने तेंडुलकरांचे उदाहरण त्यांना लगेच पटेल. नोव्हेंबर २०१३ मधील वानखेडेची कसोटी शेवटची आहे हे प्रत्येक प्रेक्षकाला माहीत होते, पण १५ नोव्हेंबर १९८९ रोजी कराचीत सोळा वर्षांचा एक मुलगा खेळायला उतरला तेव्हा त्या दिवशीचे तिकीट कुणी कशाला जपून ठेवील? नामवंत खेळाडूच्या पदार्पणाच्या स्टबला एवढा भाव येतो, त्याचे कारण हेच आहे. डेरेक जीटर यांचा पहिला सामना २९ मे १९९५ रोजी सिॲटलच्या किंगडोममध्ये, निम्म्याहून अधिक रिकाम्या मैदानावर झाला. ते मैदानही २००० साली सुरुंग लावून पाडले गेले.

आता पेटीकडे वळू. नेहमीच्या सामन्यांच्या जुन्या स्टबवर पुष्कळदा तारीख नसते, फक्त 'गेम' आणि पुढे आकडा असतो. संघाच्या घरच्या मैदानावरील त्या हंगामातील तो कितवा खेळ, एवढेच त्यातून कळते. तारीख काढण्यासाठी त्या वर्षीचे मूळ वेळापत्रक घेऊन घरचे सामने क्रमाने मोजावे लागतात. इथे दोन खाचखळगे आहेत. पावसाने पुढे ढकललेला सामना आपला जुना क्रमांक घेऊन नव्या तारखेला खेळला गेलेला असू शकतो, आणि एकाच दिवशी एकाच तिकिटावर दोन सामने असतील तर मोजणी घसरते. प्रत्यक्ष खेळल्या गेलेल्या सामन्यांसाठी रेट्रोशीट या संकेतस्थळावरील नोंदी मोफत उपलब्ध आहेत आणि मी स्वतः रोज त्याच वापरते, पण त्या मूळ वेळापत्रकाशी ताडून पाहिल्याशिवाय एकही तारीख पक्की मानू नये.

वर्षही छापलेले नसेल, तर किंमतीच्या ओळीकडे पाहावे. त्या काळी प्रवेशशुल्कावर केंद्रीय कर असे आणि तो तिकिटावर वेगळा दाखवत. १९४४ ते १९५४ च्या वसंतापर्यंत त्याचा दर २० टक्के होता, त्यानंतर तो १० टक्के झाला आणि १९६५ अखेर कर रद्दच झाला. मूळ किंमत आणि कर यांचा भागाकार केला की दशक बहुधा हाती लागते. एबेट्स फील्डच्या एखाद्या स्टबवर क्लबच्या अध्यक्षांची छापील सही असेल, तर ती नीट वाचावी. ब्रँच रिकी यांचे नाव असेल तर तो १९५० च्या हंगामापर्यंतचा, वॉल्टर ओ'मॅली यांचे असेल तर त्यानंतरचा. डॉजर्सनी ब्रुकलिनमधील शेवटचा हंगाम १९५७ मध्ये खेळला, त्यामुळे वरची मर्यादा आपोआपच ठरते. आपल्या तुकड्यांत 'गेम १' असा एबेट्स फील्डचा स्टब असेल आणि त्यावरील कर २० टक्के भरत असेल, तर तो १९४७ चा, म्हणजे रॉबिन्सन यांच्या पदार्पणाचा, असू शकतो, म्हणून तो बाजूला काढून ठेवावा व कुणाशीही सौदा करण्यापूर्वी वर्षाची खात्री करून घ्यावी.

वर्ल्ड सिरीजच्या तुकड्याची गोष्ट अधिक रंजक आहे, आणि त्याचे छायाचित्र पाहून मी एक संध्याकाळ त्यावरच घालवली. १९५६ च्या मालिकेत यँकीज आणि डॉजर्स असे सात सामने खेळले. त्यांपैकी तिसरा, चौथा आणि पाचवा हेच यँकी स्टेडियमवर झाले. पाचवा सामना, सोमवार ८ ऑक्टोबरचा, म्हणजे यँकीजचे चेंडूफेके (पिचर) डॉन लार्सन यांचा 'परफेक्ट गेम'. सत्तावीस फलंदाज आले आणि सत्तावीसही परत गेले, एकालाही पहिला तळ गाठता आला नाही. वर्ल्ड सिरीजच्या इतिहासात असा दुसरा सामना झालेला नाही. त्यामुळे पाचव्या सामन्याच्या स्टबला तिसऱ्या किंवा चौथ्यापेक्षा अनेक पटींनी अधिक किंमत येते, वास्तविक तिन्ही तुकडे एकाच धाटणीचे, एकाच छापखान्यातले.

आपल्या तुकड्यावर आकड्याचा फक्त खालचा अर्धा भाग उरला आहे. इंग्रजी चारचा पाय सरळ असतो आणि इथे उजवीकडे फुगलेली कमान दिसते, म्हणजे चौथा सामना बाद झाला. अडचण अशी की इंग्रजी तीन आणि पाच यांच्या खालच्या कमानी जवळजवळ सारख्याच असतात. फरक असतो तो कमान वर कुठे पोहोचते त्यात: तीनमध्ये ती मध्यावर येऊन आत वळते आणि तिथे खाच पडते, पाचमध्ये ती डावीकडे जाऊन उभ्या दांड्याला मिळते. आपल्या छायाचित्रात फाटलेल्या कडेलगत डाव्या बाजूला शाईचा एक बारीक ठिपका दिसतो. तो दांड्याचा शेवट असेल तर आकडा पाच आहे, पण तो निव्वळ डागही असू शकतो, आणि मोबाइलच्या छायाचित्रावरून याहून अधिक बोलणे अप्रामाणिकपणाचे होईल. तुकडा १२०० डीपीआयवर सपाट स्कॅन करावा, लिलावगृहांच्या जुन्या नोंदींतून तिसऱ्या आणि पाचव्या सामन्याच्या निर्विवाद स्टबची मोठी चित्रे मिळवावीत, 'गेम' हा शब्द तिन्हींत एकाच मापाचा होईल असे करावे आणि मगच कमानी एकमेकींवर ठेवून पाहाव्यात. एवढे करूनही निर्णय झाला नाही, तर तो '१९५६ ची वर्ल्ड सिरीज, यँकी स्टेडियम' एवढ्याच वर्णनाने ठेवावा. 'बहुधा लार्सनचा' असे लिहून विकलेला माल परत येतो, आणि विक्रेत्याचे नावही खराब होते.

प्रेक्षकसंख्येचा आधार इथे फारसा उपयोगी नाही, तरी सांगण्याजोगा आहे. शनिवारी तिसऱ्या सामन्याला ७३,९७७ लोक होते, रविवारी चौथ्याला ६९,७०५ आणि सोमवारी लार्सन यांच्या सामन्याला ६४,५१९. तिन्हींत सर्वांत कमी गर्दी असलेला दिवस इतिहासात गेला.

बनावट स्टबबद्दल. आपली पेटी घरातून थेट आलेली असल्याने संशयाला जागा कमी आहे, तरी दहापट मोठे दाखवणारे भिंग घ्यावे. मूळ छपाईत अक्षरांच्या कडा सलग असतात आणि ठशाचा दाब कागदावर किंचित जाणवतो. रंगीत प्रिंटरच्या नकलेत त्याच अक्षरांत लाल, निळे, पिवळे ठिपके दिसतात. अतिनील दिवाही उपयोगी पडतो, कारण कागद अधिक शुभ्र दिसावा म्हणून त्यात घातली जाणारी चमक देणारी रसायने साधारण १९५० च्या आसपासपासून प्रचारात आली. १९३२ चा म्हणून दाखवलेला तुकडा त्या प्रकाशात निळसर झळाळला तर तो हातातून खाली ठेवावा. न झळाळल्यास तो अस्सलच ठरतो असे मात्र नाही, कारण जुना कोरा कागदही लबाड माणसाला मिळतो. मला सर्वांत धोकादायक वाटतो तो अस्सल पण सुधारलेला स्टब: खरा कागद, खरी छपाई आणि फक्त एक आकडा खरवडून बदललेला. अशा जागी कागदाची वरची त्वचा निघालेली असते आणि तिरप्या उजेडात ती पटकन डोळ्यांत भरते.

प्रतवारीसाठी सदतीसच्या सदतीस तुकडे पाठवू नयेत. पीएसएसारखी संस्था स्टबची सत्यता तपासून त्याला १ ते १० असा दर्जा देते, किंवा दर्जा न देता केवळ 'ऑथेंटिक' अशी नोंद करते, आणि तुकडा कठीण प्लास्टिकच्या चपट्या डबीत बंद करून परत पाठवते. सामान्य सामन्याच्या तुकड्याला एवढा खर्च करणे म्हणजे चार आण्याच्या कोंबडीला बारा आण्याचा मसाला. ज्याचा सामना निश्चितपणे ठरला आहे आणि तो सामना कुणाला तरी हवा आहे, असेच तुकडे पाठवावेत. या व्यवहारात दर्जाचे महत्त्व बेसबॉलच्या कार्डांइतके नाही, कारण फाडणे हीच स्टबची जन्मकथा आहे. फार दुर्मिळ सामन्याचा १ दर्जाचा तुकडाही मोठ्या किमतीला जातो. संस्था किती नमुने तपासले याची आकडेवारी प्रसिद्ध करतात, पण वाढीव दर्जाच्या आशेने एकच तुकडा पुन्हा पाठवला गेला तर तो दोनदा मोजला गेलेला असू शकतो, हे ध्यानात ठेवून ते आकडे वाचावेत.

न फाडलेले पूर्ण तिकीट स्टबपेक्षा महाग असते का, असे मला नेहमी विचारले जाते. जुन्या काळातील पूर्ण तिकीट बहुधा अधिक महाग असते, कारण ज्याने ते विकत घेतले तो गेलाच नाही, आणि असे लोक कमी. तरीही नव्या काळात जरा जपून. २९ मे २०१० रोजी मायामीत रॉय हॅलडे यांनी परफेक्ट गेम टाकल्यानंतर यजमान क्लबने त्याच सामन्याची न विकली गेलेली तिकिटे लोकांना विकली. अशा सामन्याच्या बाबतीत माणूस खरोखर मैदानावर होता याची साक्ष फाटका स्टबच अधिक देतो, म्हणून माझी पसंती त्याला. याशिवाय झालेल्याच नाहीत अशा सामन्यांच्या तिकिटांचाही एक छंद आहे. १९६४ मध्ये फिलाडेल्फियाचा संघ बारा सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होता, मग सलग दहा हरला, आणि वर्ल्ड सिरीजसाठी छापून ठेवलेली तिकिटे तशीच राहिली.

वहीवर डकवलेल्या तुकड्यांना हात लावू नये, असे मी कळकळीने सांगते. सुरुवातीच्या काळात माझ्याकडे असेच एक पान आले होते. डिंक पाण्यात विरघळेल या समजुतीने मी ओला कापूस मागून फिरवला. तुकडा सुटला, पण त्याच्या पाठीवर मूळ मालकाने जांभळ्या शाईत लिहिलेला डावागणिक धावफलक कापसावर उतरला आणि पाच मिनिटांत मजकुराच्या जागी एक फिकट डाग उरला. तुकडा सामान्य सामन्याचाच होता, पण तो कोणत्या तारखेचा हे सांगणारा एकमेव पुरावा मी स्वतःच्या हातांनी पुसला. तेव्हापासून डकवलेला तुकडा मी पानासकटच ठेवते आणि सोडवणे अपरिहार्य असेल तर कागद-संवर्धकाकडे देते. आपल्याकडील स्टबच्या पाठीवर पेन्सिलीने काही लिहिलेले असेल तर तेही पुसू नये. प्रतवारीत त्यासाठी दर्जा घटू शकतो, पण सामना ठरवताना तीच अक्षरे कधी कधी निर्णायक ठरतात.

साठवणुकीसाठी शुद्ध पॉलिएस्टरची, म्हणजे मायलार जातीची, पाकिटे घ्यावीत आणि ती आम्लविरहित पुठ्ठ्याच्या खोक्यात आडवी ठेवावीत. वास येणारे मऊ प्लास्टिक हे बहुधा पीव्हीसी असते व ते शाई ओढून घेते. चिकट पानांचे अल्बम, रबरबँड आणि स्टेपल पूर्ण वर्ज्य. माळा आणि तळघर या दोन्ही जागा टाळून घरातल्या आतल्या भिंतीचे कपाट निवडावे. १९९० नंतरच्या तुकड्यांपैकी ज्यांची छपाई उष्णतेने उमटणारी आहे, त्यांची आधी काळजी घ्यावी, कारण ते जुन्यांपेक्षा अल्पायुषी आहेत. असा कागद ऊन, उष्णता आणि मऊ प्लास्टिक यांनी काही वर्षांतच पांढरा पडतो. त्यांचे दोन्ही बाजूंचे स्कॅन या आठवड्यातच करून ठेवावेत. २०२० नंतर मेजर लीगमध्ये प्रवेश जवळजवळ सर्वत्र मोबाइलवर गेल्यामुळे कागदी स्टबचा पुरवठा आटला आहे, त्यामुळे या साध्या तुकड्यांनाही पुढे ग्राहक मिळू शकतो. किती मिळेल याचा अंदाज मी करणार नाही. करोनाकाळात चढलेले भाव नंतर बरेच उतरलेले मी पाहिले आहेत.

विकायचेच असेल तर सामना ठरलेले तुकडे वेगवेगळे आणि उरलेले एकत्र विकावेत, मात्र त्यापूर्वी पेटी जशी सापडली तशी तिची छायाचित्रे काढावीत, विक्रीची पावती, तारीख आणि घरमालकांच्या कुटुंबाने तोंडी सांगितलेली माहिती लिहून ठेवावी. शक्य असल्यास त्या कुटुंबाकडून सहीचे चार ओळींचे पत्र घ्यावे: हे तुकडे घरात कुणाचे होते, ती व्यक्ती कुठे राहत असे, सामन्यांना कुणाबरोबर जात असे. ब्रुकलिनमध्ये राहणारा माणूस १९५६ च्या ऑक्टोबरमध्ये सोमवारी दुपारी कामावरून सुटी घेऊन यँकी स्टेडियम असलेल्या ब्राँक्सला गेला होता, असे त्यात निघाले, तर फाटलेल्या आकड्याच्या डावीकडचा तो शाईचा ठिपका मी पुन्हा एकदा भिंगाखाली घेईन.